डिस्लेक्सिया आणि आपले शिक्षक : मित्रास पत्र

सोलापूर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. आपल्या जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षकांसाठी डिस्लेक्सियाविषयीच्या, म्हणजे समज चांगली असूनही वाचन-लेखनात अडणाऱ्या मुलांच्या अडचणीविषयीच्या, प्रशिक्षणाचा आराखडा करण्याचे काम तुझ्याकडे आले, याचा मनापासून आनंद झाला. तू विचारलेस म्हणून माझे मत सविस्तर लिहितो.

अशी प्रशिक्षणे पुष्कळदा इंग्रजी ‘बी’ आणि ‘डी’ यांच्या गोंधळापासून सुरू होतात आणि मराठी दुसरीला शिकवणाऱ्या बाईंचे लक्ष तेथेच उडते, कारण त्यांच्या वर्गातले मूल अडते ते देवनागरीच्या वळणांवर. ‘किती’मधली पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि उच्चारायची मात्र नंतर. एकटा ‘र’ घे : ‘सूर्य’मध्ये तो पुढच्या अक्षराच्या माथ्यावर जातो, ‘चक्र’मध्ये पायाशी तिरका येतो, ‘राष्ट्र’मध्ये वेगळेच रूप घेतो आणि ‘तऱ्हा’मध्ये आणखी निराळे. शब्दातले ध्वनी सुटे करणेच ज्या मुलाला जड जाते, ते ‘कर्म’ आणि ‘क्रम’ सारखेच वाचते, ‘सूर्य’चे ‘सुरय’ लिहिते, आणि तोच धडा वाचून दाखवला तर प्रश्नांची उत्तरे मात्र चोख देते. ऐकून कळणे आणि वाचून कळणे यांतली ही तफावत शिक्षकाला दिसली पाहिजे. म्हणून पहिले सत्र व्याख्यानाचे ठेवू नकोस. प्रत्येकाला आपल्या वर्गातल्या वह्या घेऊन यायला सांग आणि कोणती चूक शिकवल्यावर सुटते व कोणती महिनोन्महिने तशीच राहते, हे त्यांनाच शोधू दे.

सोलापुरात याहून नाजूक प्रश्न आहे. पूर्व भागातल्या यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड, आणि तीच मुले मराठी शाळेत येतात. अशा मुलाने ‘ख’च्या जागी ‘क’ लिहिला किंवा लिंग चुकवले, तर ती नव्या भाषेची सवय असू शकते, आणि तिला डिस्लेक्सिया म्हणणे अन्यायाचे होईल. उलट, ‘घरची भाषा वेगळी आहे, येईल हळूहळू’ म्हणत खऱ्या अडचणीकडे वर्षानुवर्षे काणाडोळा करणे त्याहून वाईट. डिस्लेक्सिया भाषा पाहून येत नाही, तेव्हा आईवडिलांकडून घरच्या भाषेतले शब्द घेऊन मुलाला त्यांचे पहिले-शेवटचे ध्वनी ओळखता येतात का, यमक जुळवता येते का, हे पाहावे. निदान करणे शिक्षकाचे काम नव्हे, ते तज्ज्ञांकडेच जावे; पण मूल तज्ज्ञापर्यंत पोहोचते ते शिक्षकाच्या नजरेतूनच.

कायद्याचा भाग थोडक्यात आटप. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सिया तिच्यातच मोडतो) समावेश आहे आणि ती लवकरात लवकर ओळखून योग्य उपाय करण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर आहे, एवढे पुरे.

खरा वेळ वर्गातल्या कृतींना दे. ध्वनी मोठ्याने उच्चारत रेतीत अक्षर गिरवणे, एका वेळी एकच जोडाक्षर घेऊन ते पक्के होईपर्यंत पुढे न जाणे, भूगोलाची उत्तरे तोंडी घेणे, फळ्यावरचा मजकूर उतरवायला वेळ देणे किंवा तो आधीच लिहून हाती देणे, हे शिक्षकांनी एकमेकांवर करून पाहावे. सर्वांसमोर अचानक उभे करून वाचायला लावणे आणि चुकलेला शब्द वीस वेळा लिहायला लावणे, या दोन गोष्टी बंद करण्याविषयी मात्र तू अजिबात मऊ बोलू नकोस. मूल शाळेला घाबरते ते यातूनच, आणि मग त्याला आळशी ठरवले जाते, याचा मला फार राग येतो.

शेवटी एकच आग्रह. दोन दिवसांचे शिबिर करून थांबू नकोस. केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, दर वेळी एका मुलाची वही, नाव झाकून, चर्चेला घ्यावी आणि विशेष शिक्षकांनी त्या वर्गात प्रत्यक्ष जाऊन बसावे. जोडाक्षरांची कार्डे मी तयार करून देतो. कोणत्या इयत्तेपासून सुरुवात करणार, ते मात्र लवकर कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेही