करारावर सही आहे, कायदा कुठे?

महोदय,

छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली सही केली, पण अनुमोदन आजतागायत दिलेले नाही. त्यासाठीचे २०१० चे छळ प्रतिबंधक विधेयक लोकसभेत मंजूर होऊन राज्यसभेत अडले. कोठडीत जखमा झाल्या तर त्या पोलिसांनीच केल्या असे गृहीत धरावे, ही विधी आयोगाची २०१७ मधील शिफारसही कागदावरच आहे. आज तो पुरावा जखमी माणसानेच आणायचा. बंद खोलीतला साक्षीदार त्याने आणायचा कुठून?

खरी गफलत वैद्यकीय तपासणीत होते. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालानुसार कोठडीत दर ४८ तासांनी तपासणी हवी. मात्र पोलीस शेजारी उभा असताना आरोपी बोलत नाही आणि अहवालात ‘ताजी जखम नाही’ एवढेच येते. इस्तंबूल प्रोटोकॉलप्रमाणे (छळाच्या तपासणीची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शिका) तपासणी एकांतात व्हावी, प्रत्येक वळाची जागा, लांबी, रंग आकृतीवर नोंदवावा. तळपायावरच्या माराच्या खुणा लवकर पुसट होतात, म्हणून पहिलीच तपासणी मोलाची.

नातेवाइकांनी अहवालाची प्रत मागावी, ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण जपण्याचा लेखी अर्ज त्याच दिवशी द्यावा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते १८ महिने, शक्य नसल्यास किमान वर्षभर ठेवायला सांगितले आहे. सरकारने येत्या अधिवेशनात विधेयक पुन्हा मांडावे.