बाबांनी पाठवलेल्या यादीबद्दल

मालाड, मुंबई

प्रिय आई-बाबा,
जय ख्रिस्त.

मतदानावरून घरात धुसफूस चाललीय, हे आईच्या फोनवरून कळलं. बाबांनी ती व्हॉट्सॲपची यादी मलाही पाठवली: गर्भपात, दयामरण, भ्रूणपेशींवरचं संशोधन, क्लोनिंग, समलिंगी विवाह. यातल्या एकाच्याही बाजूच्या उमेदवाराला मत दिलं, तर कन्फेशनशिवाय (पापकबुलीशिवाय) कम्युनियन, म्हणजे मिस्सेतला पवित्र प्रसाद, घेता येणार नाही म्हणे!

बाबा, अशी पाच मुद्द्यांची यादी २००४ साली अमेरिकेतल्या कॅथलिक मतदारांसाठी निघाली होती. तिथे गर्भपात हा प्रचाराचाच मुद्दा. आपल्याकडे त्याचा कायदा १९७१ पासून आहे, आणि त्यावर मत मागायला वसईत आपल्या दारी कोणी आल्याचं मला तरी आठवत नाही. यादी निघाली त्याच २००४ मध्ये कार्डिनल रॅट्झिंगर (पुढे पोप बेनेडिक्ट झाले तेच) यांनी अमेरिकन बिशपांना कळवलं होतं: उमेदवार गर्भपाताच्या बाजूचा आहे म्हणूनच मत दिलं, तर दोष. ती भूमिका न पटता दुसऱ्या, तितक्याच वजनदार कारणासाठी दिलं, तर ते चालू शकतं. नुसत्या चिन्हावरून पाप ठरत नाही.

यादीतून जे गाळलंय, त्यावर माझा खरा आक्षेप आहे. आपल्या चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा १९६५ चा दस्तऐवज 'गाउदियुम एत स्पेस' काढा, सत्ताविसावा परिच्छेद. गर्भपात आणि दयामरणाच्या पाठोपाठ तिथे माणसाला न शोभणारी राहणी, मनमानी तुरुंगवास, मजुरांना केवळ नफ्यापुरतं वापरणं हेही आहे. तुरुंगवासाचं वाचलं की मला आदिवासींसाठी काम करणारे, खटला न चालताच कैदेत राहिलेले फादर स्टॅन स्वामी आठवतात. वय ८४, कंपवातानं थरथरणारे हात, पाणी प्यायला साधा स्ट्रॉ मिळावा म्हणून कोर्टात अर्ज. ५ जुलै २०२१ ला जामिनाची वाट बघतच वांद्र्याच्या हॉस्पिटलात गेले. तेव्हा तुम्हीच घरी त्यांच्यासाठी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हटली होती ना? मग बटण दाबताना ते बाजूला का ठेवायचं?

फादरांनी प्रवचनात उमेदवाराचं नाव सांगावं, ही अपेक्षाही सोडा. पोप फ्रान्सिस यांनीसुद्धा २०२४ मध्ये अमेरिकन निवडणुकीबद्दल विचारल्यावर नाव घेतलं नाही. गर्भपात म्हणजे हत्या, स्थलांतरितांना हाकलणं हेही पाप, तेव्हा कमी वाईट कोण ते ज्याने त्याने आपल्या सद्सद्विवेकाला विचारून ठरवावं, म्हणाले.

आई, तुझं मत तुझं. बाबांनी कितीही खोदून विचारलं तरी सांगायची गरज नाही. पण दोघंही जा नक्की. कॅटेकिझममध्ये (चर्चच्या शिकवणुकीच्या पुस्तकात) कर भरण्याच्या जोडीला मतदानही कर्तव्यात आहे. माझं इथलं मतदान उरकून मी दुपारच्या लोकलने येते. बाबांनी उन्हात पायी जाऊ नये, रिक्षा करावी. गुडघ्याचा पट्टा कपाटाच्या खालच्या खणात आहे.

तुमची,
बेबी