सुभेदारकाकांच्या वहीतल्या 17 कबरी: दुरुस्तीसाठी आवाहन

मंडळीतील सर्व बंधुभगिनींना आणि साताऱ्यातील माजी सैनिकांना सप्रेम सलाम.

आपले सुभेदारकाका गेल्या महिन्यात प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. मराठा लाइट इन्फंट्रीत त्यांची 28 वर्षे गेली. त्या काळात ते दर महिन्याला चार मुलांना चार वेगळी आंतर्देशीय पत्रे लिहीत. एकाच पत्रात सगळ्यांना उरकलं तर धाकट्याच्या वाट्याला नुसता 'आशीर्वाद' येतो, असं त्यांचं म्हणणं. निवृत्तीनंतर रविवारी घंटेच्या दोरीजवळचा शेवटचा बाक त्यांचा, आणि शनिवार दफनभूमीचा.

चर्चमध्ये त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी बसवावी, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. कुटुंबाने नको म्हटलं, आणि समितीलाही ते पटलं. काकांनी मागे एक वही ठेवली आहे. दफनभूमीतल्या 17 माजी सैनिकांच्या कबरींची ओळ, जागा, हुद्दा, पलटण आणि काय मोडलं आहे, हे सगळं त्यात पेन्सिलीने लिहिलेलं आहे (शाई पावसात पसरते म्हणून पेन्सिल). त्या कबरी नीट करणं हीच त्यांची आठवण, असं ठरलं आहे.

'सैनिकांच्या कबरी सरकार बघत नाही का?' असा प्रश्न येतो. खडकीची युद्धस्मशानभूमी राखणारा राष्ट्रकुल युद्धकबर आयोग फक्त दोन महायुद्धांच्या काळातल्या मृतांसाठी आहे, आणि दुसऱ्या महायुद्धाची त्याची मुदत 31 डिसेंबर 1947 ला संपते. नोकरी पूर्ण करून गावी परतलेल्या आणि म्हातारपणी वारलेल्या फौजीची कबर त्यात बसत नाही. ती घरच्यांनी बघायची, आणि घरचे पुण्या-मुंबईला.

आता कामाचं. 17 पैकी चार कबरी खचल्या आहेत. कारण एकच: पुरल्यावर दोन-तीन महिन्यांतच चौथरा बांधला. खड्ड्यातली भरावाची माती पहिल्या पावसाळ्यात बसते, त्यात आपली काळी माती उन्हात भेगाळते आणि पाण्याने फुगते. चौथरा मधोमध तुटतो, शिळा एका बाजूला कलते. म्हणून या चारही ठिकाणी चौथरा उतरवून डोक्याशी, मध्ये आणि पायाशी 5 फुटी काँक्रीटच्या आडव्या तुळया टाकायच्या आहेत. 3 फुटी खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना तुळई एकेक फूट न खणलेल्या जमिनीवर टेकली, की खालची माती बसली तरी वरचं काम हलत नाही. काकांच्या स्वतःच्या कबरीवरही पुढचा पावसाळा संपेपर्यंत फक्त लाकडी क्रूस राहील. कृपया घाई करण्याचा आग्रह धरू नये.

उरलेल्या 13 कबरींचे सांधे गेले आहेत. जुनं काम चुन्यातलं. मधल्या काळात कुणी तरी प्रेमाने वरून सिमेंट थापलं, आणि तेच नडलं. आत शिरलेलं पाणी सिमेंटमधून बाहेर पडत नाही, विटा कुजल्यासारख्या भुगा होतात आणि सिमेंटचं कवच पापुद्र्यासारखं सुटतं. ते हलक्या हाताने छिन्नीने काढायचं आणि चुना 1, वाळू 3 या मापाने पुन्हा दर्जा (सांध्यांच्या फटी) भरायच्या. मैदानावर रेघा मारायची फक्की चालणार नाही, ती मेलेली असते, पकड धरत नाही. कळीचा चुना हौदात विरवून किमान 15 दिवस पाण्याखाली ठेवायचा. विरवताना तो उकळतो, त्यामुळे चष्मा आणि हातमोजे असल्याशिवाय कुणीही हौदाजवळ जाऊ नये, मुलं तर नाहीच. भरलेल्या दर्जांवर 10 दिवस ओलं गोणपाट हवं. पावसात चुना धुऊन जातो, चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळून पीठ होतो, म्हणून काम दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीत संपवायचं आहे.

लागणारा माल: कळीचा चुना 150 किलो, धुतलेली वाळू अर्धा ब्रास, सिमेंट 5 पोती, खडी 20 घनफूट, 10 मिलिमीटरची सळई 45 किलो, रिंगांसाठी 6 मिलिमीटरची 15 किलो, गोणपाट मिळेल तेवढं. माल देणं शक्य असेल तर मालच द्यावा. पैसे मुख्यतः गवंडी आणि पाथरवटासाठी लागतील. दोघांची दरपत्रकं चर्चच्या फलकावर लावली आहेत. देणगी रविवारी उपासनेनंतर खजिनदारांकडे द्यावी आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नये.

पाथरवट अक्षरावर पैसे घेतो, तेव्हा मजकूर थोडका ठेवू: नाव, हुद्दा, सेना क्रमांक, पलटण, जन्म-मृत्यूचं साल. चूक बहुतेक वेळा क्रमांकात होते. शिपाई म्हणून मिळालेला क्रमांक नायब सुभेदार झाल्यावर बदलतो आणि जेसी अक्षरांनी सुरू होणारा नवा मिळतो. घरात मात्र जुनाच पाठ असतो. वहीतल्या सहा नोंदी त्यामुळे अडल्या आहेत. वडील किंवा आजोबा फौजेत होते आणि इथे पुरले आहेत, अशा घरांनी डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनच्या पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) झेरॉक्स द्यावी. मूळ कागद देऊ नये, बँक खातं आणि आधार क्रमांक झाकावा. कागदच नसतील तर त्या-त्या अभिलेख कार्यालयाला पत्र लिहायला समिती मदत करेल: मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव, महार रेजिमेंटसाठी सागर, बॉम्बे सॅपर्ससाठी खडकी.

श्रमदान दर शनिवारी सकाळी 7 ते 10. शिळा धुवायला फक्त पाणी, काथ्याचा ब्रश आणि बांबूची चीप. ॲसिड अजिबात नको, संगमरवर आणि चुना दोन्ही खातं. तारेचा ब्रशही नको, त्याचे कण दगडात अडकून गंजतात. पुसट अक्षरांवर खडू घासू नये. बॅटरीचा झोत बाजूने, तिरपा टाकला की ती वाचता येतात. शिशाची अक्षरं गळून पडलेली दिसली तर उचलून नेऊ नका, त्या कबरीच्या ओळीचा क्रमांक लिहून पाकिटात घालून द्या. सांध्यात उगवलेला पिंपळ ओढून काढू नये, चौथऱ्याची वीट घेऊनच येतो. बुंध्याशी कापा, मुळाचं गवंडी बघेल.

पहिल्या शनिवारी येताना बादली, जुनं गोणपाट आणि पेन्सिल आणावी.

दफनभूमी समिती, सातारा