बंड्यास पत्र: अण्णांचा लिनियर

पुणे,
दिवाळीनंतरचा सोमवार

प्रिय बंड्या,

काकूंनी अखेर अण्णांचा लिनियर, म्हणजे हॅम रेडिओच्या सिग्नलची ताकद वाढवणारा त्यांचा तो अॅम्प्लिफायर, माझ्याकडे धाडला. टेम्पोवाला म्हणाला, "साहेब, तिजोरी आहे का?" दोन्ही ८१३ व्हॉल्व्ह शाबूत आहेत. मागच्या पत्र्यावर अण्णांच्या अक्षरात: "बंद केल्यावर पाच मिनिटं थांब, गाढवा." गाढव तू की मी, ते भेटल्यावर ठरवू.

तब्येत ठीक. शुगर आहे तिथेच आहे.

आता खरा घोळ. नोव्हेंबरअखेरीस सीक्यू वर्ल्डवाइडचा सीडब्ल्यू कॉन्टेस्ट: मोर्सवर जगभरच्या हॅमशी जमतील तितके संपर्क, ४८ तास. लिनियर लावू की नको? लो पॉवर गटाची मर्यादा १०० वॅट. त्यापुढे गेलो की हाय पॉवर, आणि तिथे १५०० वाले बसलेत. आपल्या जनरल ग्रेडच्या लायसन्सला मिळतात ४००. म्हणजे १०० च्या चौपट, ६ डीबी (डेसिबल), समोरच्याच्या सिग्नल-मीटरवर जेमतेम एक घर, एक एस-युनिट; आणि १५०० वाला माझ्यावर पुन्हा जवळजवळ तेवढाच. ना इकडचा, ना तिकडचा! बरं, दिवसा १०० वर चालवून रात्रीपुरता लिनियर लावावा, तर तेही नाही. एक संपर्क जरी त्याच्यावर झाला तरी अख्खा लॉग हाय पॉवरमध्ये.

तू लगेच ५ वॅटचं कीर्तन लावशील, माहीत आहे. "पॉवर ऐकत नाही, अँटेना ऐकते." याच वाक्यावरून तू अण्णांशी भांडलास आणि काकूंचा चहा दोनदा गरम करावा लागला. वाक्य बरोबर होतं, मेल्या, म्हणूनच राग आला सगळ्यांना.

युरोपची काळजी नाही. व्हीयू ही आपली भारतीय कॉलसाइन आणि झोन २२ ऐकलं की मल्टिप्लायरसाठी, म्हणजे गुणांना गुणणाऱ्या नव्या देश-झोनसाठी, ते स्वतःच कान देतात. जपान वगैरे आशियातले, एकेक पॉइंट. अडतं ते अमेरिकेपाशी. पहाटे चाळीस मीटरवर ध्रुवावरून येणारा तो थरथरता सिग्नल; मला तो ऐकू येतो, त्याला मी नाही. तीन पॉइंट डोळ्यांदेखत जातात. तिथे ६ डीबी म्हणजे सगळं काही.

हिला सांगितलं, ४०० वॅट. म्हणे, "मिक्सर ७५० चा आहे आपला." नुसते फिलामेंट तापवायलाच १०० वॅट लागतात, हे मी बोललो नाही.

पण बंड्या, अण्णांनी इतक्या हौसेने बांधलेला हा लिनियर स्वतः कॉन्टेस्टमध्ये कधीच लावला नाही. दरवर्षी लो पॉवर, वर कापडाचं आच्छादन. का, ते मी विचारलं नाही, तू विचारलंस का? ते गेले, आपल्या भाषेत सायलेंट की झाले, आणि आता स्विच माझ्या हाताशी. पहिल्यांदा मीच लावायचा, हे काही मनाला पटत नाही. न लावता भंगारात जाऊ द्यायचा, हेही नाही.

चिनूचं जमलं म्हणे, अभिनंदन! वहिनींचा गुडघा कसा आहे? नवं घर टॉप फ्लोअरला घेतलंस ना, की विसरलास?

रविवारी ये. चाचणी हवेत नको, अँटेनाऐवजी जोडायच्या डमी लोडवर करू. अण्णांचा डमी लोड तुझ्याच माळ्यावर आहे, नाही म्हणू नकोस.

शुभेच्छा, अर्थात ७३,
तुझा,
नाना