विहिरीजवळचं झुडूप ओळखून दिल्याबद्दल आभार

विहिरीजवळ आपोआप उगवलेलं ते पिवळ्या तुऱ्यांचं झुडूप कुठलं हे शोधून देणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार! दादमर्दन निघालं, म्हणजे शास्त्रीय नाव सेन्ना अलाटा, मूळचं अमेरिकेच्या उष्ण भागातलं. ज्या ताईंनी शेंगेचा क्लोजअप मागितला त्यांना खास थँक्यू, कारण घरात सगळे तरवड म्हणत होते पण तरवडाची शेंग चपटी, कागदासारखी आणि या दादमर्दनाच्या शेंगेला लांबीभर उभे पंख, शिवाय तरवडाला पर्णिकांच्या (एकाच पानातल्या छोट्या पानांच्या) जोड्यांमधे बारीक ग्रंथी असतात त्या इथे नाहीत, इतकं निरखून कोण सांगतं हो! पानं संध्याकाळी मिटतात का बघा म्हणणाऱ्या दादांचेही आभार, मिटतात, रोज. गजकर्णावर याचा पाला चोळतात हे आजीला माहीत होतं, नाव तेवढं आठवत नव्हतं. पिवळी फुलपाखरं यावर अंडी घालतात म्हणालात ना, आता छाटणार नाही, सुरवंट दिसले की फोटो टाकते.