रस्त्यावरच्या मिस्त्रीचा फोन आणि एआय

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पुणे-बंगळूर महामार्गावर शिरवळपासून पेठ नाक्यापर्यंत जागेवर जाऊन गाडी दुरुस्त करणारे बरेच मिस्त्री आहेत. हात इंजिनात असताना फोन वाजतो, तो उचलता येत नाही आणि अडकलेला माणूस दुसरा नंबर लावतो. फोन उचलून मराठीत बोलणाऱ्या एआय सेवा आता मिळू लागल्या आहेत. ही सोय मिस्त्रीच्या फार कामाची आहे. पण विकत आणली आणि लावली, एवढ्यावर ती आपल्या भागात चालत नाही.

आधी फॉरवर्डिंग, म्हणजे आलेला कॉल दुसऱ्या नंबरवर वळवणं. मिस्त्रीचा नेहमीचा नंबर बदलायचा नाही. रिंग १५-२० सेकंद वाजूनही उचलली नाही, तरच कॉल एआयच्या नंबरवर जावा. मोबाइलच्या कॉल सेटिंगमध्ये यासाठी तीन वेगळे पर्याय असतात: फोन उचलला नाही, फोन व्यस्त आहे, फोन नेटवर्कबाहेर आहे. पहिलाच लावून थांबलं, की पाटणच्या पुढे कोयना खोऱ्यात रेंज गेल्यावर कॉल वाया जातात. तिन्ही लावा. याहून त्रासाची चूक वेगळीच. तातडीचा कॉल एआयने मिस्त्रीला जोडून द्यायचा असतो. तो त्याच नंबरवर जोडला आणि उचलला गेला नाही, तर पुन्हा एआयकडेच येतो आणि गोल फिरत राहतो. त्यासाठी फॉरवर्डिंग नसलेलं दुसरं सिम ठेवावं. ‘सेटिंग करून देतो, एवढा कोड डायल करा’ असं अनोळखी माणूस म्हणाला तर मुळीच करू नये. *४०१# सारख्या कोडवरून लोकांचे कॉल परस्पर वळवून फसवणूक होत होती, म्हणूनच दूरसंचार विभागाने कोडवरचं कॉल फॉरवर्डिंग १५ एप्रिल २०२४ पासून बंद करायला लावलं.

खरी अडचण ठिकाणाची. ‘वाठारजवळ आहे’ असं कुणी म्हणालं तर कुठलं वाठार? कराड तालुक्यातलं, कोरेगावकडचं वाठार स्टेशन, फलटणकडचं वाठार निंबाळकर की पार कोल्हापूर जिल्ह्यातलं? कवठ्याचंही तसंच. वाई तालुक्यातलं कवठे, तासगावकडचं कवठे एकंद आणि कवठे महांकाळ यांत तासातासाचं अंतर आहे. इस्लामपूर आणि ईश्वरपूर एकच, हेही यंत्राला सांगून ठेवावं लागतं. गावासोबत तालुका विचारायचा, हा नियम घालून द्या. महामार्गावर तेवढ्यानेही भागत नाही. गाडीचं तोंड पुण्याकडे आहे की कोल्हापूरकडे, हे विचारलंच पाहिजे. नाहीतर मिस्त्रीला दुभाजकापलीकडे बॉनेट उघडलेली गाडी दिसत असते आणि तिथं पोचायला पुढचा अंडरपास गाठून वळून यावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन मागवावं. नेट नसेल तर जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा किंवा मागे गेलेला टोलनाका, आनेवाडी की तासवडे, एवढं पुरतं.

पुढचा प्रश्न गाडीचा: कोणती, पेट्रोल की डिझेल, कार की ट्रक. ट्रकची यंत्रणा बहुधा २४ व्होल्टची असते, तिथं उतरलेल्या बॅटरीची गाडी सुरू करून देणारा कारचा १२ व्होल्टचा जंप स्टार्टर नेऊन उपयोग नाही. बिघाड मात्र एआयने ओळखायला जाऊ नये, ऐकलेलं जसंच्या तसं लिहावं. सेल्फ मारल्यावर कटकटकट असं वाजत राहतं तेव्हा बहुधा बॅटरी उतरलेली असते. एकदाच टक्क होऊन थांबलं तर सोलेनॉइड (स्टार्टरला करंट देणारा स्विच) किंवा स्टार्टर बघावा लागतो. काहीच वाजत नाही, लाइटही लागत नाही, तेव्हा बॅटरीचं टर्मिनल ढिलं किंवा गंजलेलं असू शकतं. ‘बॅटरी गेली’ असं यंत्राने परस्पर सांगितलं, की मिस्त्री बॅटरी घेऊन जातो आणि तिथं गरज निघते पान्याची. ट्रॅक्टरवाला म्हणतो, ‘डिझेल संपलं हुतं, भरलं, पण हवा धरलीय.’ यंत्र त्याची नोंद टायरची हवा अशी करतं. मिस्त्री जॅक आणि पंक्चरचं सामान घेऊन निघतो. तिथं ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) ढिला करून, हातपंप मारून डिझेल लाइनमधली हवा काढायची असते. असे शब्द आधीच शिकवून ठेवावे लागतात.

दर विचारला तर फक्त येण्याचा आकार सांगावा. किती वाजता पोचणार, याचा शब्द यंत्राने कधीच देऊ नये. ‘मिस्त्री १० मिनिटांत स्वतः फोन करतील’ एवढंच सांगावं, आणि मिस्त्रीने तो फोन करावा.

अपघात, आग, धूर किंवा ‘ब्रेक लागेना’ यांतलं काही कानावर आलं, की प्रश्न थांबवून कॉल लगेच जोडला पाहिजे आणि ११२, महामार्गावर असेल तर महामार्ग मदतीचा १०३३, हे नंबर सांगितले पाहिजेत. पसरणी घाट उतरताना ब्रेक तापले तर त्यावर पाणी ओतू नका, खंबाटकीत पाणी उकळलं तर गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, ही दोन वाक्यं यंत्राकडून जरूर बोलवून घ्यावीत. ऊस हंगामात रात्री बंद पडलेल्या ट्रॉलीला मागून गाड्या धडकतात. पार्किंग लाइट लावा, मागे रिफ्लेक्टर ठेवा, चाकाला लावलेला दगड निघताना उचला, हेही त्यात असावं.

मोबाइल नंबर एकेक आकडा म्हणून घ्यावा. एकोणसाठ आणि एकोणसत्तर ऐकण्यात यंत्राची गल्लत होते. जत-मिरजेकडे कन्नड आणि ट्रकचालकांसाठी हिंदी लागतेच. ‘हे यंत्र बोलत आहे, कॉल रेकॉर्ड होत आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगावं. उत्तराला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागला, की माणूस ‘हॅलो, हॅलो’ करतो आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. प्रत्येक प्रश्नाला हा धोका असतो, म्हणून प्रश्न पाचच ठेवावेत. पहिले १५ दिवस रोज रात्री रेकॉर्डिंग ऐकून चुकलेली गावं आणि शब्द यादीत भरावेत.

विक्रेते एसी खोलीत, पुस्तकी मराठीत डेमो देतात. पैसे देण्याआधी त्यांना खंबाटकीच्या पायथ्याला, चढणाऱ्या ट्रकांच्या आवाजात उभं राहून तोच कॉल करायला लावावा.

आपले,
जागेवर गाडी दुरुस्त करणारे मिस्त्री,
कराड, जि. सातारा