बंड्या, आधी कात्री बघ

चिपळूण,
रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

तुझे खिशातल्या हत्यारांचे तिन्ही फोटो पोचले. फोनवरच बोललो असतो, पण फोनवर तू नुसतं 'हो, हो' म्हणतोस आणि तिसऱ्या दिवशी दारात खोकं येऊन पडतं. डोक्याला बांधायच्या त्या दिव्याचं तसंच झालं. वहिनी सांगत होत्या, तो आता खुंटीला लटकतोय. म्हणून हे पत्र. निदान दोनदा तरी वाचशील.

रोज खिशात बाळगायला स्वस्तातलं, आटोपशीर, चार कामांचं हत्यार हवंय आणि या तिघांतलं कुठलं घेऊ, असं विचारतोस. माझं उत्तर, एकही नको. डेपोच्या वर्कशॉपात पान्यांच्या संगतीत तीस वर्षं काढली, त्या जोरावर बोलतोय, रागावू नकोस.

तो पहिला, एकवीस कामांचा, तीनशे रुपयांचा. तसाच एक माझ्या भाच्याने जत्रेतून आणला होता. एकवीस कामं मोजली कशी, ते बघ. माशाची खवलं काढायची दातेरी पट्टी एक काम, तिच्यावरच कोरलेली मोजपट्टी दुसरं, तिचंच टोक स्क्रू ड्रायव्हर म्हणून तिसरं. कुकरच्या दांड्याचा स्क्रू आवळायला घेतला, तर स्क्रू जागचा हलला नाही, टोकच पिळवटलं. पक्कड उजेडासमोर धरली तर मिटल्या जबड्यातून पलीकडची खिडकी दिसत होती. अशी पक्कड तार धरणार कशी?

दुसरी ती पत्र्याची पट्टी, क्रेडिट कार्डाएवढी. पाकिटात बसते, कबूल. पण तिला मूठच नाही. जोर लावलास की कडा तळहातात रुतते. ती विसर.

तिसरा, लेदरमन, मात्र खानदानी आहे. टिम लेदरमन हा अमेरिकेतला ओरेगॉनचा माणूस १९७५ साली बायकोबरोबर जुन्या फियाटमधून युरोप फिरत होता. खिशात साधा चाकू होता, पण गाडी आणि हॉटेलातले गळके नळ सारखी पक्कड मागत होते. घरी परतल्यावर त्याने पक्कडीच्या दांड्यांत चाकू-कानस बसवायचा घाट घातला, आणि ते हत्यार बाजारात यायला १९८३ उजाडलं. हत्यार अव्वल आहे. पण दहा हजारांच्या वर मोजून पाव किलोचं लोखंड कमरेला लावून डोंबिवलीच्या गर्दीत तू चढणार? आठवडाभर लावशील, मग तेही खुंटीवर.

आणि मुळात तुला पक्कड लागते का रे? मलाही वाटायचं, लागते. वर्कशॉपात सवयच तशी. म्हणून निवृत्तीनंतर एकदा पंधरा दिवस एक उद्योग केला. काही कापायला, उघडायला, फिरवायला हत्यार शोधलं की स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या खुणांशेजारी एक रेघ मारायची. हिला वाटलं, माझा दुधाचा हिशेब चुकतोय. शेवटी मोजलं तर कात्री १९ वेळा, पातं ११, स्क्रू ड्रायव्हर ४, चिमटा २ आणि पक्कड १. तीही कशाला, तर चपलेतून वर आलेला बारीक खिळा उपसायला. कात्रीचं विचारशील तर रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी, शॅम्पूची पुडी, सदऱ्याचा लोंबणारा दोरा, नातीच्या वहीचं कव्हर, मोडलेलं नख. आपल्या वयात माणसाच्या हाती कात्रीच येते, तलवार नाही. तू पंधरा नको, आठच दिवस हे कर. तुझा आकडा वेगळा येईल कदाचित, पण पक्कड वर येणार नाही, पैज लाव.

म्हणून सांगतो, आधी कात्री बघ, मग बाकीचं. आणि लहान कात्री चांगली करणारे म्हणजे ते स्विस लोक. कार्ल एल्सेनरने १८८४ साली इबाख गावात कारखाना काढला, १८९१ पासून तो स्विस सैन्याला चाकू देऊ लागला. सैनिकाची गरज साधी होती, जेवणाचा डबा उघडायचा आणि बंदूक खोलायची. १८९७ साली त्याने अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू काढला आणि त्यातली युक्ती मला अजून आवडते. एकाच स्प्रिंगच्या पट्टीवर दोन्ही अंगांची हत्यारं बसवली. जागा तीच, कामं दुप्पट. व्हिक्टोरिनॉक्स हे नाव नंतरचं, त्याच्या आईचं नाव व्हिक्टोरिया आणि न गंजणाऱ्या पोलादाचं 'इनॉक्स' यांची जोडी.

माझ्या किल्ल्यांना त्यांचा सगळ्यात लहानांपैकी एक लटकतो, क्लासिक एसडी. लांबी ५८ मिलिमीटर, वजन २१ ग्रॅमच्या आसपास. एक पातं, एक कात्री, नखाची कानस आणि तिच्या टोकाला स्क्रू ड्रायव्हर, शिवाय चिमटा नि दातकोरणं. झालं. दीड-दोन हजारांत मिळतो. 'हे स्वस्त?' म्हणशील. अरे, माझ्याकडे तो बारा वर्षं आहे आणि कात्री अजून ओला दोरा कापते. तीनशेचे सात घेऊन सातही फेकण्यापेक्षा हे परवडलं. स्टारचा स्क्रू ड्रायव्हर हवाच असेल तर त्याच लांबीचा रॅम्बलर बघ, त्याच्या बाटली उघडायच्या पट्टीच्या टोकालाच स्टार आहे. खिसा मोठा असेल तर ८४ किंवा ९१ मिलिमीटरवाले आहेत. त्यातल्या काहींना बूच काढायचा मळसूत्री आकडा असतो. तू दारू पीत नाहीस, पण सुतळीची घट्ट बसलेली गाठ सोडवायला त्याच्यासारखं काही नाही. त्या वेटोळ्यात चष्म्याच्या स्क्रूसाठी एक इवलासा स्क्रू ड्रायव्हरही बसतो, वेगळा मिळतो.

पक्कडीचाच हट्ट असेल तर गर्बर कंपनीचा डाइम, किल्ल्यांच्या कडीत बसणारा. तारेला आणि चपलेच्या खिळ्याला पुरे. पण त्याने बारा-तेरा मिलिमीटरचा नट धरशील तर नटाचे कोपरे गोल करशील आणि मला फोन करशील. त्याला पानाच लागतो.

हजाराच्या आतच बसवायचं म्हणतोस? तर मग फोटो बघून घेऊ नकोस, दुकानात जा. प्रत्येक हत्यार स्वतः उघड आणि मीट. नख मोडेल इतकं घट्ट असेल तर ते घरीही उघडणार नाही, आणि आपसूक लोंबत असेल तर खिशात उघडेल, ते त्याहून वाईट. पातं उघडून डावी-उजवीकडे हलव, खुळखुळलं तर ठेवून दे. खिशात एक पातळ प्लास्टिकची पिशवी घेऊन जा आणि कात्रीच्या अगदी टोकाने ती काप. वाईट कात्री पिशवी कापत नाही, दोन पात्यांमध्ये मुडपून घेते. दुकानदार तोंड वाकडं करील, करू दे. पात्यावर '४४०' असा पोलादाचा आकडा कोरलेला दाखवील, त्याला भुलू नकोस, आकडा कोरायला काही लागत नाही. स्विस पात्याचा कडकपणाही रॉकवेलच्या मापाने ५६ च आहे, मुद्दाम फार कडक ठेवलेलं नाही, त्यामुळे घरच्या दगडावर पटकन धार येते. स्वस्तातलं चिनी पोलाद बहुधा त्याहून थोडं मऊ. महिन्याला एकदा दगडावर घासायची तयारी असेल तर तेही चालतं. लाल मूठ आणि पांढरा क्रूस बघून मात्र स्विस समजू नकोस, मोठ्या पात्याच्या मुळाशी कंपनीचं नाव वाच.

गंजाचं तुला कळायचं नाही, आमच्याकडे जून ते सप्टेंबर पोलादालाही सर्दी होते. 'स्टेनलेस' म्हणजे डाग कमी पडतो इतकंच. आंबा कापलास, पेरू कापलास की कोमट पाण्याने धू, नीट पूस, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोड. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं आणि कचरा धरून बसतं.

विजेच्या कामाला यातलं काहीही वापरू नकोस. मूठ विजेपासून वाचवायला केलेली नसते, आत सगळी धातूची जोडणी. त्यासाठी वायरमनच्या सदऱ्याच्या खिशात असतो तो दिवावाला टेस्टर घरात ठेव आणि बोर्ड खोलायचा तर आधी मेन स्विच बंद कर.

कायद्याचं विचारलं होतंस. शस्त्रांच्या नियमांत गोष्ट आहे ती नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची. आपलं पातं बोटभर. पण बटण दाबताच सटकन उघडणारा घेऊ नकोस, पोलिसांच्या लेखी तो रामपुरीच. विमानाने जाताना मात्र चाकू सामानाच्या बॅगेत टाक, हाताशी नको. माझा पहिला असाच गेला. लेकीकडे दिल्लीला निघालो होतो, किल्ल्यांसकट तपासणीच्या ट्रेमध्ये ठेवला. तपासणीवाला मुलगा भला होता, म्हणाला, 'काका, परत जाऊन सामानात टाकून या.' पण बॅग कधीच पुढे गेली होती. चूक माझीच. त्या पेटीत माझ्यासारख्यांचे बरेच पडले होते.

परवा सहज आठवलं, तुझ्या आजोबांच्या जानव्याला तिजोरीची किल्ली असायची आणि बरोबर चांदीचं कानकोरणं-दातकोरणं. माझ्या आजोबांच्या चंचीत अडकित्ता आणि चुनाळं. त्यांनी कुणाला विचारलं नाही, कुठलं घेऊ म्हणून. रोज लागत होतं, ते लटकवलं. आणि राजमाचीला पावसात तुझ्या बुटाचा तळ सुटला तेव्हा आपल्या दोघांकडे काय होतं? सुतळी होती आणि ती तोडायला माझे दात. ते दातही आता राहिले नाहीत, तेव्हा तू चाकू घेच.

गणपतीला येशील ना? येताना जो घेशील तो घेऊन ये, धार मी लावून देतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
नाना

ता. क. चिमटा आणि दातकोरणं पहिल्या महिन्यातच हरवतं, सगळ्यांचं हरवतं. स्विसवाल्यांचं सुटं मिळतं, म्हणून घेतानाच एक जोडी जास्त घे. माझ्यासाठीही एक आण, माझं दातकोरणं नातीने बाहुलीची तलवार म्हणून नेलंय.